पाळणा पुन्हा घरात
खोल खाणीत बार उडाला की जळका, घशात बसणारा वास येतो आणि मला घोडेगावच्या वरच्या अंगाचं आमचं घर आठवतं. भूकंप कसा सुरू होतो ते टिपायला मी अशा खाणींत यंत्रं बसवतो. त्या उन्हाळ्यात सुट्टीवर गेलो, तर आमच्या गावचीच जमीन दणके देत होती. काकूनं बाळंतीण सुनेला तान्ह्या पोरीसकट कांदा साठवायच्या कुडाच्या बराकीत हलवलं होतं. पाळणाही तिथंच टांगला होता. "भिताड पडलं म्हंजी? आमी घरात जाणार न्हाई," ती म्हणाली. मलाही भूकंपच वाटला. जमिनीवर ट्रॅक्टरची थरथर फार, म्हणून मी कामावरून मागवलेली तीन यंत्रं तीन कोरड्या विहिरींच्या तळाशी ठेवली. भूकंपात जमीन कुठं आधी वर ढकलली जाते, कुठं खाली ओढली जाते. सुरुंग मात्र सगळीकडं वरच ढकलतो. दुपारी दणका बसला आणि तिन्ही यंत्रांच्या रेघा आधी वरच गेल्या, म्हणजे हा सुरुंग होता. दणका कुठल्या यंत्रावर आधी पोचला ते पाहून दिशा काढली आणि काकांना मोटारसायकलवर घेऊन डोंगरापल्याड गेलो. तिथं नव्या विहिरीच्या काठावर माणसं भाकरी खात बसली होती, आणि खाणीतला तोच जळका वास होता. "आमचाच बार व्हता, पावणं. खडक लई कडक हाय," एकजण म्हणाला. काका तिथंच मातीत बसून हसत राहिले. घरी येऊन सांगितल्यावर काकूनं भिंतीला तळहात लावून पाहिला, मग स्वतः पाळणा सोडून आत आणला. आजही खाणीत सगळ्या रेघा एकदम वर गेल्या की सोबतचे लोक सुरुंग म्हणून त्या पुसून टाकतात. मला मात्र पाळण्याच्या कड्या घरात कुरकुरताना ऐकू येतात.