मोठ्याने मार हाक

पागोनामावशीच्या खानावळीच्या गच्चीवरून खालचं अख्खं जुनं मेसिनी दिसतं: नाट्यगृह, क्रीडांगण, देवळाचे आडवे पडलेले खांब आणि त्यांच्यामधून चरणाऱ्या मावशीच्या शेळ्या. तिथे शेळ्या चारायला बंदी आहे, तशी पाटीही लावलेली आहे.

"शेळ्यांना वाचता येत नाही," मावशी म्हणते, "आणि मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

आमच्या मावरोमाती गावात तिच्याशी वाद घालायला कुणी जात नाही. तिचा नवरा आरिस्तोमेनिस गेला, तेव्हा लेक आसिमिना शाळेत होती. चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली आणि दुसऱ्याच सकाळी मावशी गावच्या कॉफीच्या दुकानात जाऊन नवऱ्याच्या खुर्चीत बसली. तिथे तेव्हा बायका बसत नसत. पुरुष एकमेकांकडे बघायला लागले.

"काय बघताय? खुर्ची रिकामी होती. ऑलिव्हच्या गिरणीचा भाव काय ठरला, तेवढं सांगा, मग डोळे फाडा."

गावाचा इतिहास ती घरच्या भांडणासारखा सांगते. "स्पार्टावाल्यांनी आम्हाला तीनशे वर्षं राबवलं. जमीन आमची, घाम आमचा, धान्य त्यांच्या कोठारात! मग थीब्जवाल्यांनी त्यांना चोपलं, आणि आमचे पांगलेले लोक दाही दिशांनी परत आले. पाव्याच्या सुरावर दगड रचत हा तट उभा केला. पण त्याच्या आधी काय केलं? मेलेल्यांना हाका मारल्या! 'या रे, परत या, आपल्या गावात राहायला या!' आणि सगळ्यात मोठी हाक कुणाला? स्पार्टाशी लढलेल्या आरिस्तोमेनिसला!" इथे ती हात एप्रनला पुसते आणि भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे बघते. जणू त्यालाच हाक मारली होती.

अशा बाईच्या लेकीने नवरा कुठला आणावा? स्पार्टाचा!

"जगातले मुलगे संपले होते?"

"आई, तो संत्री पिकवतो. भाले नाही."

"आणि त्याच्या बापाचं नाव काय म्हणालीस?"

आसिमिना खाली बघत म्हणाली, "लिओनिदास."

मावशी हसत सुटली. स्पार्टाच्या राजाचं नाव! मावशीच्या कळपातल्या सगळ्यात माजलेल्या बोकडाचंही तेच. तिच्या सासऱ्याच्या वेळेपासून कळपातला मुख्य बोकड म्हणजे लिओनिदास.

लग्न झालं. जावई मऊ निघाला, इथेच राहिला आणि मावशीला आवडायलाही लागला. मग मुलगा झाला. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायचं, दुसऱ्याला आईच्या बापाचं, हा रिवाज. म्हणजे लिओनिदास. आसिमिनाला डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता दुसरं मूल नाही. मावशीच्या आरिस्तोमेनिसचं नाव घ्यायला पुढे कुणी उरणार नव्हतं.

बाप्तिस्मा होईपर्यंत आमच्याकडे मुलाला नाव नसतं, सगळे त्याला 'द्राकोस' म्हणतात, म्हणजे राक्षस. मावशी त्या राक्षसाला मांडीवर घेऊन बसायची आणि नावाचा विषय निघाला की भांडी घासायला उठायची. मावशी गप्प! गाव घाबरलं.

बाप्तिस्म्याच्या दिवशी स्पार्टाचे पाहुणे बस भरून आले. रस्ता आजही जुन्या वेशीतूनच जातो. बसवाल्याने ती अरुंद वेस पाहिली आणि इंजिन बंद केलं. वेशीच्या आत गोल चौक आहे, बाहेर एक दार, आत एक. पाहुणे चालत त्या चौकात आले, आणि आतल्या दारात मावशी उभी. मागे तबक धरून मी, तिच्या खानावळीतला वाढपी.

"या, व्याहीबुवा," मावशी म्हणाली. "पूर्वी तुमच्या लोकांना इथवर आलं की वरून दगड बसायचे. आज मिठाई आहे."

लिओनिदास धिप्पाड, मिशीवाला. तो हसला. "विहीणबाई, नावावरून भांडायचं असेल तर इथेच भांडू. चर्चमध्ये नको."

"भांडायचं कशाला? रिवाज तुमच्या बाजूने आहे. मला एवढंच हवं, की इथे उभं राहून त्या नावाने एकदा मोठ्याने हाक मारा. जन्मभर याच डोंगरात ते हाकारायचंय मला. कानाला सवय होऊ दे."

लिओनिदासने छाती फुगवली. "लिओनिदाऽऽऽस!"

आवाज चौकात घुमला. आणि वरच्या झुडपांतून घंटा वाजली. आमचा बोकड दाढी हलवत, उड्या मारत खाली आला आणि थेट व्याह्यांसमोर उभा राहिला.

आसिमिनाने सकाळीच बजावलं होतं, "आई, आज त्याला बांधून ठेव." मावशी विसरली होती की नव्हती, हे मला अजून कळलेलं नाही.

"हा... कोण?" लिओनिदासने विचारलं.

"तुमच्या नावाचा," मावशी मान ताठ ठेवून म्हणाली. "कळपात याच्यासारखा दुसरा नाही."

व्याह्यांनी बोकडाकडे बघितलं, बोकडाने व्याह्यांकडे. एकाची मिशी हलली, दुसऱ्याची दाढी. "आमच्या वडिलांचं एक खेचर होतं," लिओनिदास म्हणाला. "कुणाचं म्हणून ऐकायचं नाही. नाव काय होतं, सांगू?"

"बोला!"

"आरिस्तोमेनिस."

मावशीचा हात कमरेवर गेला, तोंड उघडलं, आणि मग ती अशी हसली की तबक माझ्या हातातून पडता पडता राहिलं. लिओनिदासही डोळे पुसत होता. मग एकदम थांबून त्याने विचारलं, "तुमचे यजमान जाऊन किती काळ झाला?"

"शाळेतली पोर लग्नाची होऊन आई झाली, तेवढा."

"त्यांना हाक कोण मारतं?"

मावशीने बोकडाचं शिंग धरलं आणि वाट मोकळी करून दिली.

चर्चमध्ये धर्मपिता होता सारांतोस, जावयाचा मित्र. मूल त्याच्या हातात, नाव सांगायचा मानही त्याचाच. पाद्रीबाबांनी विचारलं, "नाव?" सारांतोसने लिओनिदासकडे पाहिलं. लिओनिदास वाकून त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. सारांतोस चपापला. "नक्की?"

"मी जिवंत आहे रे. आणि इथे माझ्या नावाचा बोकडही आहे. म्हण."

"आरिस्तोमेनिस," सारांतोस हळूच म्हणाला.

मागच्या रांगेतून मावशी गरजली, "ऐकू नाही आलं! मोठ्याने मार हाक!"

"आरिस्तोमेनिस!"

"अजून!"

आणि मग बसमधून आलेले झाडून सगळे स्पार्टावाले तेच नाव घेऊन ओरडले.