हळदीनं रंगवलेली शाळा

मी चौथीत असताना बाईंनी कार्यानुभवाला सांगितलं, आपल्या शाळेची प्रतिकृती करून आणा, सोमवारी प्रदर्शन आहे. नेमकी तेव्हाच कुरुंद्याच्या आमच्या शेतात हळद शिजवायची कढई पेटलेली. दादा, म्हणजे माझे वडील, भडकलेच.

"बाईला काही कामधंदा हाय का न्हाई? शिकवायचं लेकराला, अन् राबवून राहिली बापाला!"

पण बसले. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या भिंती उभ्या करून खळीनं चिकटवल्या. दिवाळीतला उरलेला चुना भिजवून भिंतींना फासला. आमची शाळा पिवळी, म्हणून मी दुकानातला रंग मागितला.

"घरात हळदीची पोती पडलीत अन् रंग इकत आणू व्हय?" म्हणत त्यांनी हळद कालवली आणि ओल्या चुन्यावरच फिरवली. बघता बघता शाळा लालभडक!

आता काय म्हणावं या माणसाला! माझा पाय मुरगळला की हळद-चुन्याचा हाच लाल लेप ते घोट्याला लावायचे. सगळा जन्म हळदीत गेला, आणि ऐन वेळी विसरले. मी हातपाय आपटत रडले. "तुमाला काहीच येत न्हाई," असंही म्हणाले.

"लाल बी बरी दिसती की," मग दादा हळूच म्हणाले.

सोमवारी शाळेच्या वाटेवर, कालव्याच्या पुलावरून मी ती पाण्यात टाकून दिली. रिकाम्या हातानं गेले म्हणून बाईंच्या दोन छड्या खाल्ल्या. शाळा सुटल्यावर शेतात गेले तर दादा कढईपाशी वाफेत उभे, माझीच वाट बघत.

"कुठं ठेवली व्हती आपली शाळा?"

त्यांचं तोंड बघून मला खरं बोलवेना. "पहिल्याच टेबलावर," मी म्हणाले.

झालं! त्या दिवसापासून जो भेटेल त्याला तेच. माझ्या लग्नात व्याह्यांना सांगितलं. शेवटच्या आजारपणात सलाईन लावणाऱ्या नर्सलाही सांगितलं, "ह्या पोरीची शाळा म्या बनवली व्हती. पहिल्या टेबलावर ठेवली व्हती, बराबर का गं?" मी मान हलवली.

आता हिंगोलीत लेकीसाठी थर्माकोल कापत मी बसते, तेव्हा दादांचंच बोलणं माझ्या तोंडून निघतं, "मॅडमला काही कामधंदा हाय का न्हाई?" लेक खुदुखुदु हसते. परवा तिचा घोटा मुरगळला. वाटीत हळद-चुना कालवला, रंग चढला, आणि दादांची अशी आठवण आली की हातच चालेना. एकदा, फक्त एकदा, ते समोर हवे होते.

"आई, रडतेस काहून?"

"तुझ्या आजोबांनी मला शाळा करून दिली होती. अशीच लाल."

"मग प्रदर्शनात कुठं ठेवली होती?"

"पहिल्याच टेबलावर," मी म्हणाले. आता मलाही ती तिथंच हवी होती.