साठच्या पुढे थरथरणारं चाक

गल्लीत त्यांना सगळेच काकू म्हणत. उभा जन्म शिवणयंत्रावर गेलेला, त्यामुळे चालताना पायही जरा पायडल मारल्यासारखेच पडायचे. काकांची नजर अधू झाली, डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला बंदी केली, आणि गाडी दाराशी झाकून पडली. "मेली नुसती उभी आहे, तिला कुणी हिंडवायला नको?" म्हणत काकूंनी साठी उलटल्यावर ड्रायव्हिंगचा क्लास लावला.

शिकवणारे सर आवाजाने दांडगे, पण जिवाने भित्रे. काकूंच्याच गाडीत शेजारच्या सीटवर बसायचे आणि तिथे ब्रेक नसतानाही पाय दाबत राहायचे. गावातल्या रस्त्यांवर काकू छान रुळल्या, तेव्हा सरांनी मोठा रस्ता दाखवला. वेगाचा काटा साठच्या पुढे गेला आणि काकूंच्या हातातलं स्टिअरिंग थडथडू लागलं.

"काकू, हात सैल सोडा. घाबरताय तुम्ही."

"मी कुठे घाबरतेय? देवाचं नाव तर तुम्ही घेताय!"

पण सरांनी परत आल्यावर दारातच जाहीर केलं, "बाकी सगळं झकास, फक्त काकूंचे हात थरथरतात!" अख्ख्या गल्लीने ऐकलं. सूनबाई काळजीने म्हणाली, "आई, आता पुरे झालं. जिवापेक्षा गाडी मोठी आहे का?"

काकूंना धास्ती होती ती वेगळ्याच कारणाने. त्यांच्या आक्काचे हात असेच थरथरू लागले होते. आधी कपबशी वाजायची, मग घासही तोंडापर्यंत नीट जाईना. काकू आतल्या खोलीत गेल्या, दार लोटलं, सगळ्यात बारीक सुई काढली आणि दोरा धरला. पहिल्या फटक्यात ओवला गेला. काढून पुन्हा ओवला. पुन्हा तसंच.

मग त्या कॉटवर टेकल्या आणि विचार करू लागल्या. हात सुईला थरथरत नाहीत, बाजारातल्या गर्दीत थरथरत नाहीत, फक्त साठच्या पुढे थरथरतात. 'पण माझ्या हातांना काटा कुठे दिसतो?'

दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली सरांच्या हातात ठेवली. "आज तुम्ही चालवा. मी बघते."

सर ऐटीत निघाले. मोठा रस्ता लागला, काटा चढला आणि स्टिअरिंगबरोबर सरांची मनगटंही नाचू लागली.

"सर, हात सैल सोडा," काकू गोड आवाजात म्हणाल्या. "घाबरताय तुम्ही."

सरांना आधी खोकला आला आणि मग हसू. त्यांनी गाडी तशीच गॅरेजकडे वळवली.

मिस्त्री दातात काडी धरून बोलणारा माणूस. "ब्रेक मारल्यावर थरथरते, की नुसती पळताना?"

"नुसती पळताना," काकू म्हणाल्या.

"मग ब्रेकच्या चकत्या सोडून देऊ." त्याने पुढची चाकं उचलली, दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली. कुठेच ढिलेपणा नव्हता. त्याने डोकं खाजवलं, मग पुढची चाकं मागे लावली आणि मागची पुढे. "या फिरवून. थरथर मागे गेली, तर खोट चाकातच."

या वेळी काकू चालवायला आणि सर मागच्या सीटवर. स्टिअरिंग लोण्यासारखं मऊ. तेवढ्यात मागून ओरड आली, "काकू, माझी बैठक हलतेय!" सरांची बैठक हलतेय याचा एवढा आनंद आयुष्यात कुणाला झाला नसेल.

मिस्त्रीने ती चाकं काढली. एकाच्या आतल्या बाजूला, रिमला चिकटून, सिमेंटचं वाळून दगड झालेलं ढेकूळ होतं.

"एवढ्याशानं?" सरांनी विचारलं.

"चाक जोरात फिरलं की एवढंसंही हिसके देतं. पण गाडी सिमेंटमध्ये गेली कधी?"

काकूंना आठवलं. शेजाऱ्यांच्या भिंतीचं काम चालू असताना रिव्हर्स शिकताना चाक ओल्या मालात रुतलं होतं, गवंडी शिव्या घालत धावला होता. "आणि 'येऊ द्या, येऊ द्या' कोण म्हणत होतं?" त्यांनी सरांकडे बघितलं. सर एकदम छताचे पत्रे न्याहाळू लागले.

मिस्त्रीने ढेकूळ ठोकून काढलं, चाक मशीनवर फिरवून तोल साधला, कडेला शिशाचा छोटा तुकडा ठोकला. परतताना काटा साठच्या पुढे गेला, तरी स्टिअरिंग गप्प. काकूंनी एक हात सोडून डोळे पुसले. "दोन्ही हात, काकू, दोन्ही हात!" सर किंचाळले.

लायसन्स हातात आल्यावर पहिल्याच रविवारी त्या काकांना घेऊन निघाल्या. फाट्यावर त्यांनी सवयीने विचारलं, "अहो, पाटीवर काय लिहिलंय?" काकांनी ठामपणे सांगितलं, "डावीकडे." डावीकडचा रस्ता कुठेच जात नव्हता; एका तळ्याकाठी संपला. दोघं बॉनेटला टेकून थर्मासमधला चहा प्यायले. पाण्यावर काय काय चाललंय ते काकू सांगत होत्या, काका ऐकत होते.

पुढच्या रविवारी फाटा आला, तेव्हा काकूंनी न विचारताच गाडी डावीकडे घातली.