डॉसचं कुलूप

विक्रेत्याने कुलूप नाकाशी नेलं, हुंगलं आणि टेबलावर टाकलं. मग बोटं रुमालाला पुसली.

"मासळीच्या टोपलीत ठेवलं होतं का, बाई?"

बाजूला बसलेली दोन गिऱ्हाइकं हसली. मीही हसले. ते हसू आजही मला जाळतं. पण काम अडलेलं असलं की माणूस कशालाही हसतो.

ठाण्यात त्याचं काचेच्या दाराचं ऑफिस होतं. मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर तो कंपनीच्या वतीने विकायचा. मला विकलं तेव्हा मी 'मॅडम' होते. चहा पाजला होता. आता खुर्चीसुद्धा दाखवली नाही.

खोपटला एसटी डेपोजवळ माझं दुकान. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. लग्नपत्रिका, हळदीच्या पत्रिका, दहाव्याची कार्डं. आई आमच्या कोळीवाड्यातून टोपली घेऊन दारोदार फिरली. मी फिरणार नाही असं ठरवलं, टायपिंग शिकले. जागेसाठी भांडले, सेकंडहँड संगणकासाठी दुकानदाराला रडवलं. मला कुणी सहज काही दिलं नाही. मीही कुणाला सहज सोडलं नाही.

संगणक डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीवर चालायचा. सॉफ्टवेअर चोरीला जाऊ नये म्हणून कंपनीने काडेपेटीएवढं एक कुलूप दिलं होतं. ते संगणकाच्या पाठीला लावायचं. लावलं तर सॉफ्टवेअर उघडणार, नाहीतर नाही.

दसऱ्याला घरात जाळ्याची, कोयत्याची पूजा झाली. मग आई दुकानात आली. माझ्या कमाईचं हत्यार म्हणून संगणकाला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. नारळ फोडला आणि होडीवर शिंपडतात तसं पाणी चौफेर शिंपडलं. ते पाठीमागे गेलं. कुलूप मेलं.

दुसऱ्या दिवशी संगणक सुरू झाला, सॉफ्टवेअर झालं नाही. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये माझ्या पत्रिका उघडून बघितल्या. नुसते चौकोन आणि वेड्यावाकड्या खुणा. कुणाच्या काकाचं नाव कुणाच्या वर यायचं, यावरून घराघरांत होणारी भांडणं मिटवून जुळवलेल्या त्या पत्रिका. माझ्या बोटांनी टाइप केलेल्या, आणि मलाच वाचता येईनात. तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं. त्यानंतर लग्नांचा हंगाम. आईने विचारलं तेव्हा मशीन जुनं झालंय एवढंच सांगितलं.

म्हणून त्याच्या दारात गेले होते. तो म्हणाला, डॉस संपलं. कंपनी आता फक्त विंडोजचं बनवते. नवा संगणक घ्या, नवं सॉफ्टवेअर घ्या. मी म्हटलं, नवीन नको साहेब, फक्त कुलूप द्या, किंमत बोला. तर म्हणे मिळतच नाही. माझ्या जुन्या पत्रिका नव्यात उघडतील का विचारलं. नाही म्हणाला.

"पुन्हा टाइप करा. मशीनपुढे नारळ फोडायला वेळ असतो ना तुम्हा लोकांना?"

त्याच्या स्वतःच्या संगणकावर झेंडूची माळ वाळत होती. ती मला दिसली. मी नजर वळवली. घाबरले होते. हा एकटाच माणूस मला वाचवू शकतो, असं वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात डोंबिवलीत एका शाळेच्या हॉलमध्ये त्याने नव्या सॉफ्टवेअरचं प्रात्यक्षिक ठेवलं. कंपनीचा मोठा साहेब येणार होता. कल्याण, टिटवाळ्यापर्यंतचे पत्रिकावाले बोलावले होते. मला बोलावणं नव्हतं. मी गेले.

बाहेरच्या बाकावर कल्याणचे एक निवृत्त मास्तर भेटले. पेन्शनमधून त्यांनी दुकान टाकलेलं. त्यांचंही कुलूप मेलेलं. त्यांनाही हेच उत्तर. "नातीच्या पुस्तकाचं सगळं काम आत अडकलंय हो," म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

तेवढ्यात विक्रेत्याने मला पाहिलं. जिन्याकडे नेलं आणि खिशातून कुलूप काढलं. कुणीतरी नवीन घेताना परत केलेलं, जुनं, चालू कुलूप.

"हे घ्या, मॅडम. आत काही विचारू नका. आणि कुणाला सांगू नका."

मी मुठीत धरलं. दुकान वाचलं. हंगाम वाचला. सौदा मी जिंकले होते, तोंडही न उघडता. इतकी माझी भीती वाटत होती त्याला? मग मला आई आठवली. गिऱ्हाइकीण दुसऱ्या दिवशी म्हणाली की पापलेट नरम निघालं, तर आई भांडायची नाही, दुसरं द्यायची. मी चिडायचे. ती म्हणायची, "मीच इकलंय ना तिला? उद्या त्याच दारात जायाचंय मला."

आणि हा म्हणाला होता, मिळत नाही.

आत गेले. मोठ्या साहेबांपुढे ते चालू कुलूप ठेवलं आणि विचारलं, आज जे विकताय ते किती वर्षं उघडेल? ते गोड हसले. म्हणाले, जग पुढे जातं, कंपनी प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकासाठी थांबू शकत नाही.

"थांबू नका," मी म्हटलं. "पण विकलेलं उघडत राहू दे. तेही जमत नसेल, तर सोडून जाल त्या दिवशी कुलपाशिवाय उघडायची किल्ली देऊन जा. काम आमचं आहे, तुमचं नाही."

"बघू."

"बघू नका. लिहून द्या."

मागे येऊन बसलेले मास्तर उठले. "मलाही," एवढंच म्हणाले. विक्रेत्याने कुलूप उचललं, माझ्याकडे बघत खिशात टाकलं. हात पुढे केला असता तर अजूनही ते मला मिळालं असतं. मी हात पदरात गुंडाळून धरला.

दाराशी नव्या सॉफ्टवेअरच्या पावत्या फाडायचं टेबल होतं. तिथे जाऊन उभी राहिले. येईल त्याला सांगत होते, लिहून घेतल्याशिवाय पाकीट काढू नका. काही जण थांबले. काहींनी मला बाजूला ढकलून पावती फाडून घेतली. मी परत तिथेच.

दुकान गेलं तरी बेहत्तर, असं म्हणणारी मी नाही. दुकान मला हवंय. किल्लीही हवीय, आणि ती सगळ्यांसाठी हवीय. यात एक पैशाचीही सूट मी देणार नाही.