फटकळ सुनेकडे मुक्काम

माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या अक्कांनी, वीस वर्षं साऱ्या भावकीत माझ्या फटकळपणाची तक्रार केली. तक्रार खोटी नव्हती. पोटातलं ओठावर यायला मला वेळ लागत नाही.

जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता अक्कांचा आजार बरा व्हायचा नाही, फक्त दुखू द्यायचं नाही, आणि ते घरीही जमेल. मग त्यांना कुठे न्यायचं हा प्रश्न आला. प्रश्न कसला, उत्तर ठरलेलंच होतं. चाळीसगावजवळच्या गावी थोरल्या दिरांचं घर, अंगणात ऊन, आणि जाऊबाई म्हणजे गरीब गाय. आमचा जळगावातच मेहरूणला असलेला फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, त्यात मी. दिरांनी गाडीसुद्धा ठरवली. खरं सांगते, मला हायसं वाटलं आणि त्याची लाजही वाटली.

डॉक्टरांनी विचारलं, आजींना विचारलंत का? कुणीच विचारलं नव्हतं.

"मी धाकलीकडे जासू," अक्का म्हणाल्या.

नवरा माझ्याकडे असा बघू लागला, जणू मीच त्यांना पढवलंय. मी कारण विचारलं.

"गावमा बठ्ठा मना तोंडवर रडाले येतीन. मोठी कोनले नको म्हनाव नही. तू म्हनशी."

आजाऱ्याच्या उशाशी बसून डोळ्याला पदर लावण्यात अक्का स्वतः गावात पहिल्या असायच्या, त्यामुळे सगळं गाव रडायला येणार आणि जाऊबाई कुणालाच अडवणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं.

खुर्चीत बसवून त्यांना वर आणलं. भेटायला येणाऱ्यांना मी दारातच सांगायची, गप्पा मारायच्या असतील तर या, रडायचं असेल तर चप्पल काढू नका. एक चुलतसासू केळ्यांची फणी माझ्या हातात आदळून तशीच परत गेली. आतून अक्कांचं हसणं ऐकू आलं. जाऊबाई दर रविवारी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी घेऊन यायच्या, तिघी मिळून गावाची उणीदुणी काढायचो. औषधाने दुखणं आटोक्यात होतं. इतकी वर्षं आम्ही भांडण्यात का घालवली, असं मला वाटायचं.

एका सकाळी त्यांची वेणी घालताना केस हातातच येऊ लागले आणि माझेच डोळे भरले. अक्कांनी दाराकडे बोट दाखवलं.

मी बाहेर गेले, तोंड धुतलं आणि परत येऊन वेणी पुरी केली.