दोन सेंट जास्त भरलेला नीलम

वजन दोन सेंटनी जास्त भरत होतं. सेंट म्हणजे कॅरटचा शंभरावा भाग. आणि नीलम तीन दिवसांत वाढत नाही.

"दगड बदललाय," प्रतीकशेठ म्हणाले. "चमक बघा, मॅडम. मेलेली. हा आपला नाहीच."

समोर सिन्नरचे नाना उभे होते, एसटीतले निवृत्त कंडक्टर. नीलम लाभतो की बाधतो हे कळावं म्हणून विकत घेण्याआधी तो तीन दिवस निळ्या कापडात दंडाला बांधून पाहायची आपल्याकडे रीत आहे. नाशिकच्या आमच्या पेढीवरून नानांनी तो तसाच नेला होता आणि ठरल्या दिवशी परत आणला होता.

"तीस वर्षं गाडीवर काढली, शेठ. कुणी बोट दाखवलं नाय." आवाज चढला नव्हता.

"मग वजन कसं वाढलं? पोलिसांना बोलावतो."

"आधी मला बघू द्या," मी म्हणाले.

हा नीलम श्रीलंकेचा, न तापवलेला. बाजारातले बहुतेक नीलम रंग खुलावा म्हणून भट्टीत तापवतात. त्या उष्णतेत आतले रेशमासारखे बारीक तंतू विरतात. ज्याचे तंतू शाबूत, तो दुर्मिळ, म्हणून कितीतरी महाग. शेठची घाबरगुंडी मला कळत होती. पेढी त्यांच्या हाती येऊन वर्षही झालं नव्हतं.

माझे बाबा फेब्रुवारीत गेले. रत्नं तपासायच्या या टेबलावर माझ्याआधी ते बसत. ट्रायलला जाणारं प्रत्येक रत्न मायक्रोस्कोपखाली पाहून त्याचं अंतरंग ते पेन्सिलीने वहीत काढत. तंतू कुठे, भेग कुठे, रंगाचा पट्टा कुठे. "फोटो काढून टाकू ना," मी एकदा म्हणाले होते. "फोटोत कॅमेरा बघतो. चित्र काढताना तुला बघावं लागतं." आता त्याच वहीत मी काढते. ती लवकर संपू नये म्हणून चित्रं जरा लहान काढते.

वहीत या नीलमाचं चित्र काढलेलं पान उघडून शेजारी ठेवलं. नीलमाचा पृष्ठभाग धुरकट होता, काहीतरी चिकट लागलेलं. पण आत, कडेजवळ, बोटाच्या ठशासारखी भेग होती. तिच्याजवळ तंतूंचा झुबका आणि त्यातून सुटलेला एकच आडवा तंतू. चित्रात अगदी तसंच.

"नाना, याला काय लावलं होतं?"

"पंचामृत, ताई. घरची म्हणाली, दह्यातुपाशिवाय देव बी न्हात नाय. मध लय झाला असंल. पण फडक्यानं पुसला की!"

मी तो स्पिरिटने धुतला, वाळवला, काट्यावर ठेवला. शेवटच्या आकड्यापर्यंत मूळचं वजन.

प्रतीकशेठ चित्र आणि नीलम आळीपाळीने बघत राहिले. मग काउंटरबाहेर आले आणि हात जोडले. "चुकलो, नाना. अंगठीची मजुरी मी घेणार नाही."

"अंगठीच नको, शेठ. नीलम तीन दिवसांत गुण दाखवतो म्हणत्यात. दाखवला. चोर ठरलो!" नाना हसले. शेठ हसले नाहीत.

जाण्याआधी नानांनी चित्र नीट निरखून पाहिलं. "हे कुणी शिकवलं, ताई?"

"बाबांनी." फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच हा शब्द मी मान वर करून उच्चारला.

ट्रायलच्या पावतीवर मी आता एक ओळ वाढवली आहे: पूजा केल्यास रत्न कोमट पाण्याने धुऊन परत करावे. शेठनी खाली स्वतःच्या हाताने लिहिलं: आम्हीही धुऊनच तोलू.