कडूबाईचं कागदावरलं वय

"बायनाची सून आशाताई हाय म्हणून तिला दात, अन् माझी सून घरात भाकरी थापते म्हणून मी बोळकी. एवढीच हाय ती योजना," कडूबाई म्हणाली आणि वरणात कुस्करलेली भाकरी तिनं ताटात एका बाजूला लोटली.

"आत्या, मी चौथ्यांदा सांगायलेय," तिची सून सविता तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "शिवकन्याच्या हातात काई न्हाई. ती निस्ते फारम भरून घेते. ज्याला नोकरीचा विमा न्हाई, घरचा विमा न्हाई, अन् ज्याला साठ पूर्ण झालीत, त्याला सरकार परभणीला फुकट कवळी बसवून देतंय. विमा आपल्याला न्हाई. तिथवर तुमी पास. वयात नापास."

"मी बायनाहून थोरली हाय."

"कार्डावर तुमी सत्तावन्नच्या हाव. बायनाकाकी एकसष्टच्या."

"खोटं बोलायलंय ते कार्ड."

कडूबाईचा मुलगा भागवत दारात बसून डबा पिशवीत भरत होता. मानवतच्या कापूस जिनिंगवर तो रोजंदारीनं जायचा आणि सकाळच्या या भांडणात सहसा पडायचा नाही. आज पडला. "कार्ड कशाला खोटं बोलंल, माय? त्याला जे सांगितलं ते त्यानं लिवलं."

कडूबाईनं ताटातली भाकरी पुन्हा कुस्करायला घेतली. सांगितलं होतं तिनंच.

तेरा वर्षांपूर्वी गावच्या शाळेत आधारचं शिबिर भरलं होतं. धाकटी जाऊ बायना रांगेत पुढं, कडूबाई तिच्या मागं. यंत्रावरच्या पोरीनं वय विचारलं तेव्हा बायना म्हणाली, "अठ्ठेचाळीस धरा." मग कडूबाईची पाळी आली. तिनं पदर सारखा केला आणि शांतपणे सांगितलं, "चव्वेचाळीस."

बायना पावतीसाठी तिथंच उभी होती. दोघींचं माहेर पोखर्णी, एकाच आळीत. बायना रांगत होती तेव्हा कडूबाई तिला कडेवर घेऊन आळीभर फिरायची, हे पोखर्णीतल्या जुन्या माणसांना माहीत होतं. आणि बायनालाही, कारण तिच्या आईनं ते तिला शंभरदा सांगितलेलं. पण बायनानं फक्त मान वळवून पाहिलं. बोलली काही नाही. घरी आल्यावरही नाही, पुढच्या तेरा वर्षांतही नाही. ती त्या दिवशी हसली असती, भांडली असती, तर कडूबाईला बरं वाटलं असतं.

कडूबाईच्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत म्हणून बापानं तिचं नाव कडू ठेवलं. सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती या घरात आली आणि चार वर्षांनी दिरासाठी मुलगी बघायची वेळ आली तेव्हा बायनाचं नाव तिनंच सुचवलं. ओळखीची पोर, आपल्या शब्दात राहील, असा तिचा हिशेब. पण लग्नानंतर महिन्याभरातच सासू सगळ्यांना सांगायला लागली, की धाकटीच्या हाताला चव आहे. तेव्हापासून कडूबाईची नजर बायनाच्या ताटावरून, लुगड्यावरून, लेकरांवरून हललीच नाही. बायनाचं लुगडं निळं तर आपलं जास्त निळं. बायनाच्या घराला पत्रे आले त्याच वर्षी कडूबाईनं पत्र्यांसाठी कानातली फुलं मोडली. सून मात्र जास्त शिकलेली मिळाली ती बायनालाच. बारावी झालेली शिवकन्या गावची आशा सेविका झाली आणि लोक बायनाच्या दारात गोळ्या मागायला यायला लागले.

नवरा गेल्यावर कडूबाईचे दात एकेक करून पडले. बायनाचेही पडले. या एका बाबतीत मात्र दोघी बरोबरीत होत्या, आणि कडूबाईला त्याचं मोठं समाधान होतं.

दिवाळीनंतर बायना कवळी घालून आली.

दोन्ही घरांच्या मधे कमरेएवढी भिंत. बायना तिच्या ओट्यावर बसून भाजलेल्या शेंगा फोडायची आणि एकेक दाणा चावायची. तो आवाज कडूबाईला घरात बसूनही ऐकू यायचा. पूर्वी तोंडाला पदर लावून हसणारी बायना आता एसटीच्या कंडक्टरलाही दात दाखवून हसते, असं कडूबाईचं म्हणणं होतं. तेही तिनं सोसलं असतं. पण संक्रांत झाल्यावर गल्लीत एका घरी लेकीची हळद होती. गावात हळदीची गाणी कडूबाईच सांगायची. दात गेल्यापासून तिचे शब्द ओठातून निसटायचे, पण बायका समजून घ्यायच्या. त्या दिवशी मात्र जात्याजवळ बसल्यावर सगळ्या बायनाकडं वळल्या. "काकी, तुमीच सांगा. तुमचं सप्पा कळतं, शब्द न् शब्द." बायनानं तिसरं कडवं दुसऱ्याच्या जागी सांगितलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. कडूबाई हळद न लावताच घरी आली आणि दुसऱ्या दिवसापासून योजनेचं भांडण सुरू झालं.

शिवकन्यानं तिला वाट सांगितली होती. "मोठ्या आत्या, शाळेचा दाखला न्हाई, जन्माची नोंद न्हाई. मंग ग्रामपंचायतीत चौकशी व्हती. तुमाला ल्हानपणापासून वळखणाऱ्या एका माणसाचा जबाब लागतो. त्यावर दवाखान्यातले डॉक्टर वय तपासून लिवतात. मंग फारम चालतंय."

"पोखर्णीत कोण उरलंय आता मला वळखणारं?"

शिवकन्यानं भिंतीकडं पाहिलं. भिंतीपलीकडं बायना शेंगा फोडत होती.

कडूबाईनं तीन आठवडे तो विषय बंद ठेवला. म्हणजे जबाबाचा. योजनेला शिव्या चालूच होत्या.

आणि शुक्रवारी दुपारी बायनाच आली. बरोबर शिवकन्या, हातात शिक्का मारलेला कागद. बायना उंबऱ्याजवळ बसली आणि तिनं सविताला पाणी मागितलं.

"अक्का, म्या जबाब देऊन आले," ती म्हणाली. "तुमी कवा म्हणताव याची वाट बघितली. तुमी काई म्हणनाव. यादी तर सोमवारी बंद व्हायलीय."

कडूबाईनं कागदाकडं पाहिलं. "कोणी सांगितलं होतं तुला?"

"कोणी कशाला सांगावं? घरातलंच काम हाय."

सवितानं कागद घेऊन वाचला. वाचता वाचता ती थांबली आणि तिनं सासूकडं पाहिलं.

"वाच की."

"कडूबाई या माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या आहेत, असं लिवलंय."

"सात?" कडूबाई म्हणाली. "तीन."

"असंल, अक्का." बायनानं तांब्या खाली ठेवला. "मला काय लिवता वाचता येतंय? तुमी मला कडेवर घेऊन हिंडायच्या, एवढं आठवतंय. तीन वर्षांनी मोठी पोर कडंवर घिऊन कशी हिंडंल? म्या आपला हिशोब केला. सात धरा म्हणलं."

"म्या अंगानं दांडगी व्हते."

"तुमीबी त्या आधारच्या पोरीला चव्वेचाळीस सांगितलं व्हतं की. तवा म्या काई बोलले का?"

इतकं बोलून बायना छान हसली, सगळे दात दाखवून. मग हनुवटी चोळत उठली. "मलाबी सोमवारी परभणीला जायाचंय, कवळी घासून घ्यायला. जीप सांगितलीय. संगंच जाऊ." आणि ती गेली.

शिवकन्या मागं राहिली. ती जरा ओशाळली होती. "मोठ्या आत्या, पुन्हा जबाब घ्यायचा म्हणलं तर पंधरा दिवस जातेत. यादी जाईल. मंग पुढचं शिबिर कवा, ते मलाबी सांगता यायचं न्हाई."

"म्हंजे मी अडुसष्टची."

"जबाबात. डॉक्टर काय लिवतील ते लिवतील. पण साठीच्या पुढं तर सरळच जाताव."

"हनुवटी कामून चोळत व्हती ती?"

शिवकन्यानं बाहेर पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "हिरडी सुजलीय त्यांची. घरात जेवताना कवळी काढूनच ठिवतात, भाकरी कुस्करूनच खातात. ओट्यावर जाताना घालतात. शेंगा खाऊ नका म्हणलं तर ऐकतच न्हाईत."

कडूबाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा उजेड पडला. ती शिवकन्याला चहा घे म्हणाली, वर साखर जास्त टाक असंही सविताला म्हणाली. पण शिवकन्या गेल्यावर ती पुन्हा भिंतीकडं बघत बसली. बायनाचं दुखतंय, हे चांगलं. पण दुखलं तरी ते दात बायनाच्या तोंडात आहेत आणि दुखणं काही लोकांना दिसत नाही. लोकांना हसणं दिसतं. आपल्याला मिळाले तर आपण पहिले आठ दिवस गाणं सोडून दुसरं काहीच करणार नाही, खाणारसुद्धा नाही. आणि हळदीला तिसरं कडवं तिसऱ्याच जागी येईल.

मग अडुसष्ट. तिनं हातावर मोजून पाहिलं. सत्तरीला दोनच कमी. उद्या बायना गावभर सांगणार, आमच्या अक्कांची सत्तरी आली, त्यांच्याच्यानं आता होत नाही. बायना वयानं धाकटी राहणार, कायमची, आणि सरकारी शिक्क्यानिशी. सात वर्षं. आधारच्या वेळी तिनं स्वतःची सात काढून घेतली होती, बायनानं ती चार वर्षांच्या व्याजासकट परत घातली. आणि वर उपकार केले म्हणून सगळ्यांनी तिचंच चांगलं म्हणायचं.

भागवत दिवेलागणीला कामावरून आला. सवितानं त्याला सगळं सांगितलं. तो कागद हातात घेऊन म्हणाला, "माय, पटत नसंल तर ऱ्हाऊ दे. पुढच्या शिबिराला बघू."

कडूबाईनं वरणाची वाटी खाली ठेवली. पोरगा, सून, दोघांकडं एकदा पाहिलं.

"सोमवारी सुट्टी टाक," ती म्हणाली. "अडुसष्ट तर अडुसष्ट, तो कागद फारमाला जोड. अन् तिच्या जिपीत मी बसणार न्हाई. आपण सकाळच्या एसटीनं जायचं."